आधी कीर्द, मग खतावणी

वही एक, तिच्यात लिहिणारा एक आणि ती पाहायला आलेले दहा, असे झाले की दोन प्रश्न हटकून उभे राहतात. लिहिणाऱ्याचा हात चालू असताना पाहणाऱ्यांनी ताटकळत बसायचे का? आणि न थांबता पाहिले, तर अर्धवट लिहिलेली ओळ पुरी समजून त्यांची फसगत होणार नाही, हे कोणी पाहायचे? संगणकशास्त्रात याला ‘वाचक-लेखक प्रश्न’ म्हणतात. कुर्त्वा, हेमान्स आणि पार्नास या तिघांनी १९७१ साली तो सूत्रबद्ध मांडला. महाराष्ट्रातल्या दफ्तरांना मात्र हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीपासून रोज पडत होता, आणि तो सोडवण्याची रीतही ठरून गेली होती. नवी नोंद मूळ पुस्तकात थेट करायची नाही. ती आधी वेगळ्या वहीत, घडली त्या क्रमाने उतरवायची आणि मग सवडीने मूळ खात्यावर चढवायची. मराठीत या दोन पायऱ्यांना कीर्द आणि खतावणी अशी नावे आहेत.

या रीतीची तीन रूपे नवी मुंबईत एकमेकांच्या शेजारी सापडतात. बाजार समितीच्या गाळ्यावरची कीर्द हे एक. तलाठ्याची फेरफार नोंदवही हे दुसरे. या शहराची सगळी जमीन तिच्यातूनच एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली. तिसरे रूप त्याच जमिनीवर राहणाऱ्या माणसांच्या खिशात आहे: फोनमधला एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस. त्याने २०१० साली आपली लिहिण्याची पद्धत बदलली आणि ती या जुन्या रीतीच्या फार जवळ येऊन ठेपली.

यांतली सर्वांत जुनी साक्ष पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे. ‘रोज’ आणि ‘कीर्द’ हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. रोजकीर्द म्हणजे दिवसाची वही. त्या दिवशी सरकारात काय जमा झाले, काय खर्च पडले, कोणाला सनद मिळाली, कोणाच्या नावे हुकूम सुटला, हे विषयवारी न लावता एकाखाली एक मोडीत उतरत जाई. पेशव्यांच्या या दफ्तराचे, म्हणजे हुजूर दफ्तराचे, दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर फडणिसांच्या नजरेखाली असे आणि त्यातल्या ‘फड’ या शाखेकडे रोजकीर्द असे. एकबेरीज दफ्तर पुण्यातच राही. तिथे आलेले हिशेब विषयवार लावून, खात्यांवर चढवून त्यांच्या बेरजा घातल्या जात. आजची घडामोड टिपणारा कारकून आणि एखाद्या परगण्याचा गेल्या काही वर्षांचा वसूल धुंडाळणारा कारकून यांना एकाच वहीवर ओणवे होण्याचा प्रसंग त्यामुळे सहसा येत नसे. ही शिस्त नाना फडणिसांच्या काळात सर्वांत कसून पाळली गेली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ढिली पडली.

रोजकीर्दीचे मोल पेशवाई संपल्यावर अधिकच लक्षात आले. १८१८ नंतर दफ्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. पुढे इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासायला घेतले तेव्हा हातातली सनद खरी की बनावट, हे ठरवायला दफ्तरातल्या नोंदी चाळाव्या लागल्या. सनद घरी बसून तयार करता येईल. पण त्या विशिष्ट दिवसाच्या कीर्दीत, मागच्या आणि पुढच्या नोंदींच्या मध्ये, तिची ओळ मागाहून घुसवणे सोपे नव्हते. काळाच्या क्रमाने लिहिलेल्या वहीचे हे बळ आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी याच रोजकीर्दींमधून वेचे काढले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते छापून निघाले आणि पेशवाईच्या इतिहासलेखनाला भक्कम पाया मिळाला.

सरकारी दफ्तरात होती तीच चाल पेढीवरही होती. व्यापाऱ्याचा दिवाणजी आधी कच्चा खर्डा करी, त्यावरून पक्की कीर्द लिही आणि कीर्दीवरून खतावणी करी. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. मशीद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीतले घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे तुर्भे-वाशीला आले. भाजीपाला आणि फळांचे बाजार १९९६ साली हलले. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी आणि फळे असे पाच बाजार तिथे आहेत. या बाजारांबरोबर पेढ्यांची हिशेबाची वळणेही आली.

पहाटेच्या गाळ्यावर या वळणाचे कारण उघड दिसते. गाडीतून गोणी उतरत असतात, मापाडी वजन पुकारत असतो, आणि पुकारलेला आकडा त्याच क्षणी कागदावर आला नाही तर तो गेलाच. त्याच वेळी काल माल पाठवलेला शेतकरी आपली हिशोबपट्टी मागत असतो: किती गोणी, काय भाव, हमाली-तोलाई-वाराई किती वजा, हातात किती. दिवाणजीने प्रत्येक गोणीसाठी खतावणी उघडून, त्या शेतकऱ्याचे पान शोधून, तिथे आकडा घालून, वही मिटून पुढच्या गोणीकडे वळायचे म्हटले, तर मापाड्याला प्रत्येक वेळी थांबावे लागेल आणि पट्टी मागणाऱ्याला तर उभेच राहावे लागेल. कीर्दीत मात्र शोधाशोध नसते. शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ, इतकेच. लिहिण्याचा वेग त्यातून येतो. शोधण्याची सोय खतावणीतून येते, आणि ती बाजार ओसरल्यावर करता येते. पुढे हीच गोष्ट संगणकाच्या चकतीलाही तंतोतंत लागू पडली.

तलाठ्याचे दफ्तर या रीतीचे सर्वांत रेखीव रूप आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि १९१३ साली त्यातल्या तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात सामावून घेतल्या गेल्या. गावाचे नमुने कसे ठेवायचे याचा सारा तपशील महसूल खात्यात ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकात बांधलेला आहे. आज लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. पण नमुन्यांची चौकट तीच राहिली. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक, नमुना बारा ही पिकांची नोंदवही, आणि दोन्ही मिळून सातबारा. या सातबाराची कीर्द म्हणजे गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही.

नमुना सहाला चारच रकाने आहेत. पहिल्यात अनुक्रमांक. दुसऱ्यात मिळालेल्या हक्काचे स्वरूप: कोणी कोणाकडून, कोणत्या दस्ताने, किती क्षेत्र, किती रकमेला. तिसऱ्यात ज्यांच्यावर परिणाम झाला ते भूमापन क्रमांक आणि त्यांचे हिस्से. चौथ्यात तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरी किंवा शेरा. खरेदी झाली, वारस लागले, बँकेचा बोजा चढला की आधी इथे नोंद पडते. तिची प्रत चावडीवर लागते आणि हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते. ही नोटीस आता १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १५० खाली निघते, तरी गावोगावी तिला अजून ‘१३५-ड ची नोटीस’ म्हणतात. १३५-ड हे जुन्या कायद्यातले कलम; कायदा गेला, नाव राहिले. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जाते. हरकत नसेल, किंवा तिचा निकाल लागला, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच तिचा सातबाराला ‘अंमल’ दिला जातो. प्रमाणित होण्याआधी फेरफारातली नोंद अधिकार अभिलेखात न्यायची नाही, असे कायदाच सांगतो.

या मधल्या काळात सातबारा बंद नसतो, हे या रचनेचे मर्म आहे. कर्जासाठी उतारा हवा असलेला शेतकरी येतो, त्याला उतारा मिळतो. वकील येतो, मोजणीवाला येतो, त्यांनाही मिळतो. त्यांना दिसते ती जमिनीची शेवटची प्रमाणित स्थिती. ती कदाचित महिनाभर जुनी असेल, पण अर्धवट नसते: विकणाऱ्याचे नाव गेले आणि घेणाऱ्याचे अजून आले नाही, असा अधांतरी सातबारा कोणाच्या हाती पडत नाही. कागदी दफ्तरात तलाठी आणखी एक खूण करून ठेवी. फेरफार पडला की संबंधित सातबारावर त्याचा क्रमांक पेन्सिलीने टिपायचा. नोंद प्रमाणित झाली की तो शाईने पक्का करायचा, रद्द झाली की खोडरबराने पुसायचा. उतारा पाहणाऱ्याला त्या फिकट आकड्यावरून कळे की या पानाचे काहीतरी दुसऱ्या वहीत चालू आहे. अंमल देतानाही जुने नाव खरवडून काढत नसत. त्याला कंस करत आणि खाली नवे नाव फेरफार क्रमांकासह लिहीत. पाने अशा कंसांनी भरून गेली की सातबाराचे पुनर्लेखन होई आणि फक्त चालू नोंदी नव्या पानावर येत. जुन्या जमिनीचा तीस वर्षांचा सर्च घेणारा वकील म्हणूनच सातबारावर थांबत नाही. तो फेरफार मागे मागे वाचत जातो.

नवी मुंबईत या व्यवस्थेवर पडला तेवढा ताण महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी पडला असेल. खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी ते उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी ठरली: भातखाचरे, मिठागरे, खाजणे, आगरी-कोळी घरांची पिढीजात खाती. भूसंपादनाच्या प्रत्येक निवाड्यात अनेक भूमापन क्रमांक असत. त्या सगळ्यांचा हिशेब फेरफार नोंदवहीतून जाऊन सातबारावर पोचायचा आणि शेतकऱ्याच्या नावाला कंस पडायचा.

त्या कंसामागे काय होते, हे १९८४ च्या जानेवारीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. १९९० साली तिचा निर्णय झाला आणि १९९४ साली ती विस्तारली. योजनेचा लाभ कोणाला, हे ठरवायला संपादनाच्या वेळचा सातबारा, निवाडा आणि वारसनोंदी लागतात. आजोबांच्या नावाला कंस पडला तो कोणत्या फेरफाराने, आणि त्याआधी आत्याचे नाव वारस म्हणून लागले होते की नाही, याचा शोध नेरूळ-घणसोलीपासून उलव्यापर्यंतची कुटुंबे आजही त्या चार रकान्यांत घेतात. वही नीट लिहिली गेली का, यावर इथे घराघरांचे हक्क ठरले आहेत. म्हणूनच नोंद कशी करावी हा विषय कारकुनी समजून सोडून देण्याजोगा नाही.

याच गावांच्या जमिनीवर पुढे संगणकाचा व्यवसाय उभा राहिला. ठाणे-बेलापूर रस्त्याकडेच्या औद्योगिक पट्ट्यातले रासायनिक कारखाने कमी होत गेले आणि महापे, रबाळे, ऐरोलीत सॉफ्टवेअर कंपन्या नि डेटा सेंटर आली. त्या इमारतींत मोठे, सर्व्हरवर चालणारे डेटाबेस असतात. हलक्या डेटाबेसचे ठिकाण वेगळे आहे: फोन, दुकानातले बिलाचे यंत्र, ब्राउझर, गाडीतला नकाशा. तिथे सर्व्हर नसतो, सांभाळणारा माणूस नसतो, सगळी माहिती एका फाइलीत असते. या जागी जगभर सर्वाधिक वापरला जातो तो एसक्यूलाइट.

डी. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली लिहिला. अमेरिकन नौदलाच्या ऑस्कर ऑस्टिन या विनाशिकेसाठी ते काम करत होते. जहाजाला इजा झाली तर कोणती झडप बंद करायची आणि कोणत्या वाटेने पाणी वळवायचे, हे सांगणारा तो प्रोग्रॅम होता. त्याची माहिती एका मोठ्या डेटाबेस सर्व्हरवर असे, आणि सर्व्हर बंद पडला की प्रोग्रॅमही हात वर करी. जहाजावर संकट आलेले असताना हे परवडणारे नव्हते. माहिती थेट चकतीवरच्या फाइलीतून वाचता आली तर मधला सर्व्हर लागणारच नाही, असा विचार हिप यांनी केला. ऑगस्ट २००० मध्ये पहिली आवृत्ती आली आणि तिच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क ठेवला गेला नाही.

सर्व्हर गेला, पण सर्व्हर करत असलेले एक काम मागे उरले: वाचणारे आणि लिहिणारे यांच्यात रांग लावणे. ते आता फाइलीवरच्या कुलपांनी करायचे होते. २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत कुलपांच्या चार पायऱ्या आल्या. वाचणारे सामायिक कुलूप घेतात; ती कितीही असू शकतात. लिहू इच्छिणारा राखीव कुलूप घेतो आणि आपले बदल आधी स्मृतीत तयार करतो. तोवर वाचन चालू राहते. मग तो प्रतीक्षेचे कुलूप लावतो. त्याने नवे वाचक दारात थांबतात आणि आतले आपले काम संपवून बाहेर पडतात. ही पायरी नसती तर वाचकांची ये-जा कधीच न थांबून लिहिणारा उपाशी राहिला असता. शेवटी एकहाती कुलूप: आत लिहिणारा एकटा, बाकी सारे बाहेर.

हे शेवटचे कुलूप महाग पडे. त्या काळची पद्धत अशी: बदलायच्या पानाची जुनी प्रत आधी ‘जर्नल’ नावाच्या बाजूच्या फाइलीत ठेवायची, ती चकतीवर पोचल्याची खात्री करायची, मग मूळ फाइलीतले पान बदलायचे, त्याची खात्री करायची आणि जर्नल पुसून टाकायचे. जर्नल पुसले की व्यवहार पक्का. मध्येच वीज गेली तर जर्नलमधली जुनी पाने परत लावून फाइल पूर्वस्थितीला येई. ही पद्धत सुरक्षित होती, पण तिच्यात मूळ पुस्तकावरच शाई पडत होती, आणि शाई पडत असताना कोणालाही पुस्तक पाहता येत नव्हते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० फेरे घेते. खात्रीने लिहिलेल्या एका व्यवहाराला साधारण दोन फेरे लागत, म्हणजे सेकंदाला सुमारे साठ व्यवहार. तीच चकती एकाच व्यवहारात बांधलेल्या पन्नास हजार ओळी सेकंदात सहज सामावून घेई. वेळ लिहिण्यात जात नव्हता. ‘पोचले का’ या खात्रीसाठी थांबण्यात जात होता. अनेक भूमापन क्रमांक असलेला निवाडा एकाच फेरफाराखाली नोंदवण्यात जी बचत आहे, तीच ही.

जुलै २०१० मध्ये आलेल्या ३.७.० या आवृत्तीने क्रम उलटा केला. ‘राइट-अहेड लॉग’, म्हणजे पुढची नोंदवही. तिचे लघुरूप ‘वॉल’. कल्पना नवी नव्हती. जिम ग्रे यांच्या १९७८ च्या टिपणांत ती आहे आणि मोठ्या डेटाबेसांत ती रुळलेली होती. एका फाइलीच्या डेटाबेसात ती आता आली. या पद्धतीत मूळ फाइलीला हात लावत नाहीत. बदललेले पान वॉल फाइलीच्या शेवटी जोडले जाते, त्यामागून दुसरे, आणि व्यवहार पुरा झाला की पक्केपणाची खूण. शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ. वाचणारा आत येताना वॉलमधली शेवटची पक्की खूण कुठे आहे ते लक्षात ठेवतो. एखादे पान हवे असेल तर त्या खुणेपर्यंत त्याची सर्वांत ताजी प्रत वॉलमध्ये आहे का ते पाहतो. नसेल तर मूळ फाइलीतून घेतो. खुणेनंतर कितीही नवे लिहिले गेले तरी त्याला ते दिसत नाही. त्याचे चित्र बाहेर पडेपर्यंत एकसंध राहते. लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही, वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही.

वॉल वाढत गेली तर प्रत्येक वाचकाला जास्त शोधावे लागते. त्यासाठी कोणते पान वॉलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका सामायिक स्मृतीत ठेवलेली असते, तरीही खतावणी करावीच लागते. एसक्यूलाइटमध्ये तिला चेकपॉइंट म्हणतात: वॉलमधली ताजी पाने मूळ फाइलीत नेऊन ठेवणे. वॉल एक हजार पानांची झाली की ते आपोआप होते. एक पान ४,०९६ बाइटचे धरले तर ही साधारण चार मेगाबाइटची कीर्द झाली. चेकपॉइंटला एकच बंधन आहे: जो वाचक सर्वांत जुनी खूण धरून बसला आहे, त्याच्या खुणेपुढची पाने मूळ फाइलीत नेता येत नाहीत, कारण त्याच्या पायाखालचे पुस्तक बदलेल. एखादा वाचक तासभर हलला नाही तर वॉल फुगत जाते आणि सगळ्यांचेच वाचन मंदावते. जाणकार म्हणूनच वाचनाचे व्यवहार आटोपशीर ठेवतात.

खात्रीसाठी थांबणेही कमी झाले. या पद्धतीत सौम्य मांडणी निवडली तर प्रत्येक व्यवहारागणिक चकतीची पोच घ्यावी लागत नाही, चेकपॉइंटच्या वेळी घेतली तरी चालते. वीज गेली तर शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात, पण फाइल मोडत नाही. फोनमधल्या कामांना हा सौदा बहुधा पुरतो. पैशांच्या नोंदीला पुरत नाही, आणि तिथे कडक मांडणी ठेवणेच योग्य.

एक मर्यादा मात्र कायम राहिली. लिहिणारा एका वेळी एकच. दुसरा आला तर त्याने थांबायचे. किती थांबायचे ते आधी सांगून ठेवता येते, आणि सांगितले नसेल तर ‘फाइल व्यग्र आहे’ असे उत्तर लगेच मिळते. यात एक खाचखळगा अनेकांना नडतो. वाचत असलेला व्यवहार मध्येच लिहायला वळला आणि तोवर दुसऱ्या कोणी लिहून गेले असेल, तर त्याच्या हातातले चित्र शिळे झालेले असते. अशा वेळी थांबून उपयोग नसतो. त्याला नकारच मिळतो. लिहायचे आहे हे ठाऊक असेल तर सुरुवातीलाच लिहिण्याचे कुलूप मागावे, हा त्यावरचा उपाय आहे.

एकाच लेखणीचा हा नियम तलाठ्याच्या दफ्तरालाही होता, आणि तिथे त्यावरचा तोडगाही दिसतो. लेखणी एक, पण ती एका सजेपुरती, म्हणजे एका तलाठ्याकडच्या गावांपुरती. घणसोलीचा फेरफार लिहिला जात असताना उलव्याच्या वहीला थांबावे लागत नाही. हलका डेटाबेस वापरणारेही हेच करतात: सगळ्यांची एक मोठी फाइल न करता प्रत्येक ग्राहकाची किंवा प्रत्येक दुकानाची वेगळी फाइल. वॉल पद्धतीला सामायिक स्मृती लागते, त्यामुळे फाइल वापरणारे सगळे एकाच यंत्रावर असावे लागतात. दूरच्या यंत्रांवरून जाळ्यामार्फत तीच फाइल लिहिणे या पद्धतीत बसत नाही. राज्यभरच्या तलाठ्यांना एकाच वेळी लिहू देणाऱ्या ई-फेरफारसारख्या कामासाठी सर्व्हरच हवा.

आता फोनकडे. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये एसक्यूलाइट असतो. २०११ पासून अॅप लिहिणाऱ्यांना वॉल सुरू करता येऊ लागली आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तिचा एक सौम्य प्रकार मुळातच चालू ठेवला गेला. ठाण्याहून वाशीला निघालेल्या लोकलमध्ये एखादी बाई व्हॉट्सअॅपवर जुने निरोप वर सरकवत मागच्या महिन्यातला एक फोटो शोधत असते. त्याच मिनिटाला भिशीच्या गटावर चार नवे निरोप येऊन पडतात. निरोप साठवणारी फाइल एकच. एक हात तिच्यात लिहितो आहे, दुसरा वाचतो आहे, आणि बोटाखालची यादी अडखळत नाही.

अशी फाइल जपताना होणारी एक चूक कागदाच्या काळापासून ओळखीची आहे. चालू डेटाबेसची मूळ फाइल तेवढी उचलून दुसरीकडे ठेवली आणि शेजारची वॉल फाइल मागे राहिली, तर अजून खतावणी न झालेले सारे व्यवहार त्या प्रतीत नसतात. प्रत उघडते, नीट दिसते, पण शिळी असते. फेरफार न पाहता नुसत्या उताऱ्यावर जमीन घेणाऱ्याच्या हातात असते तशी. वापरात असलेल्या फाइलीची प्रत डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप सोयीने घ्यायची असते, किंवा आधी चेकपॉइंट करून, सगळे वापरणारे बंद झाल्यावर. शेवटचा वापरणारा नीट बाहेर पडला की एसक्यूलाइट खतावणी उरकतो आणि वॉल फाइल स्वतःच काढून टाकतो.

कागदी सातबाराची जागा आता संगणकाने घेतली आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि २०२० साली त्याचे रूप सुधारले. पेन्सिलीचा आकडा गेला, पण त्याची जागा रिकामी ठेवलेली नाही. नव्या उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक असतो, आणि ‘प्रलंबित फेरफार’ अशी एक वेगळी ओळ असते. तिच्यापुढे ‘नाही’ असेल तर नोंदवहीतले सारे उताऱ्यावर आलेले आहे. क्रमांक असेल, तर त्या क्रमांकाचा फेरफार काढून वाचावा लागतो.